बडे बाबूंची सीएल

१

“सुट्टीच्या तोंडावर कागद टेबलावर सोडून जाऊ नको पोट्टी. रजिस्टरात चढव, सही घे, मंग जा.”

शिपाई कांताबाईनं हे सांगितलं तेव्हा शुक्रवारचे पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. नवा रायपूरहून तेलीबांध्याला जाणारी स्टाफ बस खाली इंजिन चालू करून उभी होती, आणि शर्मिष्ठाचा एक पाय जिन्यात होता.

“मावशी, बस निघून राहिली! आणि माझा अर्ज चोरणार कोण?”

“चोरत कोणी नाई वं. पण पाच दिवसांत कागदाले पाय फुटतात. एकोणतीस वर्षं झाली, मी हे पाहून राहिली.”

शर्मिष्ठा हसली. बडे बाबू जागेवर नव्हते, ते आत उपसंचालक मॅडमकडे होते. तिनं आपली फाइल त्यांच्या टेबलावर ठेवली, वर काचेचा पेपरवेट ठेवला आणि धावत सुटली. घरी पंधरा महिन्यांची मीरा वाट पाहत होती.

पाच दिवसांचं गणित असं होतं. शनिवार-रविवार ऑफिस बंद. मंगळवारी तीजाची, म्हणजे इकडच्या हरतालिकेची, सुट्टी, बुधवारी गणेश चतुर्थीची. मध्ये एकटा सोमवार कामाचा राहिला होता. असा एकटा पडलेला सोमवार कुठल्याही सरकारी ऑफिसात जिवंत राहत नाही. बहुतेकांनी त्या दिवसाची सीएल, म्हणजे एका दिवसाची किरकोळ रजा, आठवड्याआधीच टाकून ठेवली होती. शर्मिष्ठानंही.

गुरुवारी ती ऑफिसात आली ती डब्यात दीड दिवसाच्या गणपतीचे मोदक घेऊन. आधी फाइल पुढे सरकवू, मग मोदक वाटू, असं ठरवून ती बडे बाबूंच्या टेबलापाशी गेली.

पेपरवेट जागेवर होता. त्याच्याखाली काहीच नव्हतं.

२

त्या फाइलमध्ये काय होतं हे सांगायला हवं, नाहीतर एका अर्जासाठी एवढा जीव कशाला, असं वाटेल.

मीराच्या टाळूला जन्मतः भेग होती. दूध पाजलं की नाकातून यायचं. शर्मिष्ठा पंधरा महिने रात्री अर्धवटच झोपत आली होती. मुलीच्या श्वासाचा सूर जरा बदलला की तिचे डोळे आपोआप उघडायचे. नागपूरच्या डॉक्टरांकडे पाच महिने थांबून ऑपरेशनची तारीख मिळाली होती. येत्या सोमवारी भरती, बुधवारी ऑपरेशन. त्यानंतर अडीच आठवडे मुलीनं तोंडात बोट घालू नये म्हणून तिच्या हातांना मऊ पट्ट्या बांधून ठेवायच्या आणि चमच्यानं पातळ भरवायचं. डॉक्टर म्हणाले होते, “हे आईनंच करायचं. आईच्या हातात नसली तर ही रडेल, आणि रडली की टाके ताणले जातील.”

म्हणून एकवीस दिवसांची सुट्टी. डॉक्टरांचं मूळ पत्र आणि तपासण्यांचे मूळ कागद त्या फाइललाच लावलेले होते, कारण बडे बाबू झेरॉक्स मानायचे नाहीत.

बडे बाबू म्हणजे श्यामकांत पेंढारकर. शाखेचे मुख्य लिपिक, एकसष्ट वर्षांचे, राहणार चौबे कॉलोनी. घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरातलं. हा माणूस शाईचं पेन वापरायचा, काळ्या शाईचं, आणि त्या पेनानं शर्मिष्ठाचा अर्ज त्यांनी दोनदा परत पाठवला होता. दोन्ही वेळा एकच शेरा: ‘नियमानुसार नाही.’ पुढे एक अक्षर नाही. तिसऱ्यांदा तिनं तोच अर्ज पुन्हा लिहिला आणि शुक्रवारी ठेवला.

ती मॅडमकडे गेली. मॅडमनं घड्याळाकडे पाहिलं.

“शर्मिष्ठा, शनिवारपासून मी पंधरा दिवस ट्रेनिंगला. उद्या दुपारी दोनपर्यंत फाइल टेबलावर आली तर सही करते. नाहीतर मग बघा, माझ्या जागी जे बसतील ते.”

“मॅडम, मंजुरीशिवाय गेले तर?”

“जाऊ नका,” मॅडम हळूच म्हणाल्या. “दुसऱ्या शाखेतल्या त्या बाईचं काय झालं माहीत आहे ना? वर्ष झालं, अजून गैरहजेरीचा खुलासा देते आहे.”

शर्मिष्ठा बाहेर आली. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा. उद्या दोन वाजेपर्यंत म्हणजे साडेसव्वीस तास. तिनं आधी फाइलींच्या ये-जा नोंदणीचं रजिस्टर उघडलं. तिची फाइल कुठंही गेल्याची नोंद नव्हती. खोलीचं कुलूप धड. कपाट धड. मग तिची नजर बडे बाबूंच्या मागच्या फळीवर गेली आणि तिथंच खिळली.

फळीवर चार जाडजूड पुस्तकं कायम उभी असायची. आज तीन होती. अवकाश नियमांचं, म्हणजे रजेच्या नियमांचं, लाल कापडी बांधणीचं पुस्तक, ज्याला बडे बाबू कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, ते गायब होतं.

आणि बडे बाबूही जागेवर नव्हते.

३

“पेंढारकर सर छुट्टी पे हैं,” पियुष म्हणाला. “मंडे से.”

पियुष देशकर तिच्या शेजारच्या टेबलावर. सत्तावीस वर्षांचा, घरी मराठी कळतं पण तोंडातून हिंदीच यायची. शर्मिष्ठा एकवीस दिवस गेली की तिची सगळी डाक याच्या डोक्यावर येणार होती, आणि त्याबद्दल तो गेल्या आठवड्यात भरपूर कुरकुरला होता.

“पियुष, खरं सांग. माझी फाइल तू तर नाही ठेवली कुठं?”

“अरे दीदी! मैं आलसी हूँ, राक्षस थोड़ी हूँ.” तो खुर्चीतून उठलाच. “मीरा के लिए तो मैं खुद… छोड़ो. मंडे को मी एकटाच होतो इथं. पौने ग्यारह को आया, चाय पिया, बैठा. टेबलवर फाइल-वाइल कुछ नहीं थी. पेपरवेट था, बस.”

म्हणजे सोमवार सकाळच्या आधीच फाइल गेली होती.

दुसरं टेबल अनुश्री साहूचं. ती अस्सल छत्तीसगढी, अभनपूरकडची. तिनंही याच दिवसांत सुट्टी मागितली होती आणि शाखेतून एका वेळी एकच जण लांब जाऊ शकतो, असा रिवाज होता. एक अर्ज अडला की दुसरा सुटणार, हे उघड होतं. शिवाय महिन्याभरापूर्वी शर्मिष्ठानं संतान पालन अवकाशाबद्दल, म्हणजे मुलांच्या संगोपनासाठी मिळणाऱ्या रजेबद्दल, विचारलं तेव्हा याच अनुश्रीनं हात झटकून सांगितलं होतं, “वो कागज पे है बहन, मिलता किसी को नहीं.”

“तो मुझपे शक है?” अनुश्रीनं चष्मा कपाळावर चढवला.

“शक नाही गं. विचारते आहे.”

“विचार. माझी छुट्टी मी मागच्या आठवड्यातच वापस घेतली. तुझ्या मुलीचं ऑपरेशन आहे कळलं म्हणून. बडे बाबू को लिखके दे दिया था. उन्होंने बताया नहीं?”

शर्मिष्ठानं मान हलवून नाही म्हटलं. तिनं डब्याचं झाकण उघडलं आणि मोदक पुढे केला. अनुश्रीनं दोन घेतले.

“बडे बाबू भी ना,” ती मोदक खात म्हणाली, “जिंदगी में पहली बार छुट्टी गए. बहन को लाने गए होंगे. तीजा है ना. भाई नहीं जाएगा तो कौन जाएगा?”

तेवढ्यात कांताबाई पाण्याचा जग घेऊन आली. शर्मिष्ठानं तिला कोपऱ्यात घेतलं.

“मावशी, शुक्रवारी मी गेल्यावर काय झालं?”

“म्या तं सांगतलं होतं तुले!”

“सांगितलं होतं. चुकलं माझं. आता पुढचं सांग.”

कांताबाईचा आवाज खाली आला. “साहेब आले मॅडमकडून. तुह्या फाइलीतले कागद उलटून पाह्यले. मंग मानच हलवली. सहा वाजता गेले तं हातातली कापडी पिशवी अशी जड की एका अंगाले वाकून चालून राहिले होते. म्या म्हटलं, द्या मी धरतो, तं नाई म्हणाले.”

जड पिशवी. फाइल जड नसते. पण फाइल आणि लाल पुस्तक मिळून होतं जड.

दोनदा अर्ज परत करणारा माणूस तिसऱ्या वेळी फाइलच घरी घेऊन जातो आणि सोमवारपासून सुट्टीवर जातो. शनिवारपासून मॅडम नसणार, हे त्यांना ठाऊक होतं.

बडे बाबूंनीच तिची वाट बंद केली होती.

४

राग आला की शर्मिष्ठा पुन्हा एकदा तपासून पाहायची. ही सवय तिला मीरानं लावली होती. मध्यरात्री घाबरून डॉक्टरांना फोन करायच्या आधी ती ताप दोनदा मोजायची. म्हणून मॅडमकडे तक्रार घेऊन जाण्याआधी तिनं हजेरी रजिस्टर मागवलं.

श्यामकांत पेंढारकर. सोमवारच्या रकान्यात ‘सीएल’. गुरुवारच्या रकान्यातही ‘सीएल’. मागची पानं उलटली. जानेवारीपासून एकही नाही. कपाटातून मागचं रजिस्टर काढलं, त्याच्या मागचंही काढलं. दर डिसेंबरला त्यांच्या सगळ्या सीएल वाया गेलेल्या.

आणि या दोन सीएल निळ्या बॉलपेननं लिहिलेल्या होत्या.

“पियुष, इकडे ये. हे कुणी लिहिलं?”

पियुषनं मान खाजवली. “मैंने.”

“त्यांचा अर्ज कुठं आहे?”

“अर्जी नहीं है. दीदी, तुम्हाला माहीत आहे ना, आपण करतो असं. कोणी नाही आलं तर सीएल लगा देते हैं, अर्जी बाद में आ जाती है. गैरहाजिर दिखेगा तो बेचारे का रिकॉर्ड खराब होगा.”

खरंच, असं सगळेच करायचे. शर्मिष्ठाच्या नावापुढेही दोनदा कुणीतरी अशीच सीएल मांडली होती, मीरा लहान असताना. तेव्हा तिनं मनातून आभार मानले होते.

“पण तुला कळलं कसं ते सुट्टीवर आहेत? त्यांनी सांगितलं?”

“मिस्ड कॉल था.” पियुषनं फोन काढून दाखवला. सोमवार, सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. पेंढारकर सर. “मैं गाड़ी चला रहा था. मला वाटलं, सीएल लावायलाच सांगत असतील. और किसलिए करेंगे? त्यांनी मला आयुष्यात कधी फोन नाही केला.”

“उलट फोन केलास?”

“किया ना. स्विच ऑफ.”

“आणि नंतर?”

“नंतर… नंतर सुट्टी लागली ना दीदी.”

शर्मिष्ठा खुर्चीत बसली. समोर मोदकांचा डबा उघडा होता, अनुश्री तिसऱ्याकडे हात नेत होती.

“अनुश्री, तू म्हणालीस ते बहिणीला आणायला गेले. तुला कुणी सांगितलं?”

“कोई क्यों बताएगा? तीजा में सब जाते हैं. माझा भाऊ आला होता अभनपूरहून, मला माहेरी न्यायला.”

“तुमच्याकडे. आमच्याकडे हरतालिका असते. आम्ही आपापल्या घरी उपास करतो, वाळूची पिंड पुजतो. भाऊ न्यायला येत नाही. ते मराठी आहेत अनुश्री. तीजाला ते कुणाला आणायला जातील?” तिनं मान वळवली. “मावशी, त्यांना बहीण आहे?”

कांताबाईनं जग खाली ठेवला. “होती. दोघंच राहात होते, बहीण-भाऊ. लग्नं नाई झाली दोघांची बी. चार वर्षं झाली तिले जाऊन. म्या गेली होती तेराव्याले.”



“मग ऐका,” शर्मिष्ठा म्हणाली. तिनं रजिस्टर मिटलं. “मला वाटलं, त्यांनी माझी फाइल दडवली. पण फाइल दडवायची तर ती कपाटात खाली टाकली असती, संपलं. दडवणारा माणूस सोबत नियमांचं दोन किलोचं पुस्तक वाकून वाहत नेत नाही. ते पुस्तक वाचायला नेलं. म्हणजे फाइलीवर काम करायला नेली, आणि सोमवारी परत आणायची म्हणूनच नेली.”

“तो लाए क्यों नहीं?” पियुष.

“तेच. ज्या माणसानं अर्जावर तारीख नाही म्हणून मॅडमचा कागद परत पाठवला, तो मिस्ड कॉलवर सुट्टी घेईल? शाईच्या पेननं अर्ज लिहून, पावती घेऊन जाईल. मंडेला त्यांनी तुला फोन केला तो सीएलसाठी नाही केला.”

पियुषचा चेहरा उतरला.

“ते सुट्टीवर नाहीतच,” शर्मिष्ठा म्हणाली. “त्यांना येता आलं नाही. आणि आज गुरुवार आहे.”

५

पियुषची गाडी होती. मागं कांताबाई आणि अनुश्री, पुढे शर्मिष्ठा. मॅडमना सांगून निघायला पाच मिनिटं लागली. मॅडमनी विचारलंही नाही की हाफ डे लावायचा का.

वाटेत पियुष एकदाच बोलला. “दीदी, मैंने अच्छे के लिए लगाया था.”

“माहीत आहे रे.”

चौबे कॉलोनीतलं ते दुमजली घर गल्लीच्या टोकाला होतं. खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या दाराला बाहेरून कुलूप. समोरच्या घराला कुलूप. शेजारच्या फाटकालाही. तीजानं अर्धी गल्ली माहेरी नेली होती, आणि ज्यांच्या बायका गेल्या होत्या ते पुरुष त्यांना आणायला गेले होते. पाच दिवसांत या जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं नसेल, यात नवल नव्हतं.

वरच्या दाराला कुलूप नव्हतं. आतून कडी होती.

पियुषनं दार वाजवलं. कांताबाईनं हाक मारली, “साहेब! ओ साहेब!”

काही नाही.

“शायद सो रहे हैं,” अनुश्री म्हणाली, पण तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता.

“शू!” शर्मिष्ठानं दाराला कान लावला. पंधरा महिने ती अंधारात एका लहानग्या श्वासाला कान देत आली होती. या कानांना काय ऐकायचं आणि काय सोडायचं हे कळत होतं. पंख्याची घरघर सोडली. रस्त्यावरचा हॉर्न सोडला. त्याच्या खाली, अगदी खाली, काहीतरी होतं. टक. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टक.

“पियुष, तोड.”

“दीदी, पंखा होगा…”

“पंखा थांबून-थांबून वाजत नाही. तोड!”

तिसऱ्या धक्क्याला कडी उखडली.

बडे बाबू पलंग आणि टेबल यांच्या मधल्या फरशीवर एका कुशीवर पडले होते. हातात स्टीलचा पेला होता आणि तो ते फरशीवर आपटत होते. आपटत कसले, उचलून सोडत होते. ओठ फुटलेले, अंग तापानं भाजत होतं, डावा पाय वेडावाकडा. कांताबाईनं एका झेपेत त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदर भिजवून ओठांना लावला. अनुश्रीनं एकशे आठला फोन लावला. पियुष दारातच उभा राहिला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

शर्मिष्ठानं चमचा शोधला. पाणी कसं पाजायचं, हे तिच्याइतकं त्या खोलीत कुणालाच येत नव्हतं. मान थोडी वर, चमचा ओठाच्या कोपऱ्याला, एक घोट, थांबायचं, श्वास पाहायचा, मग दुसरा.

चौथ्या चमच्यानंतर बडे बाबूंनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं. ओळखलं.

“पावती,” ते म्हणाले.

“काय?”

“पावती घेतली नव्हती तुम्ही.” एवढं बोलायलाही त्यांना दम लागला. मग त्यांनी डोळ्यांनीच टेबलाकडे खूण केली. “फाइल तिथं. तुमची सही… राहिली आहे. दोन ठिकाणी.”

६

झालं होतं ते असं. रविवारी ताप चढला. सोमवारी सकाळी उठवेना, म्हणून पियुषला फोन लावला. फाइल घेऊन जायला कुणाला तरी पाठव, एवढंच सांगायचं होतं. तो उचलला गेला नाही आणि फोनची बॅटरी संपली. आज उतरेल, उद्या उतरेल, म्हणत दोन दिवस गेले. बुधवारी दुपारी फोन चार्जिंगला लावायला उठले, चक्कर आली, पडले. खुब्याचं हाड मोडलं. रुग्णालयात डॉक्टरांनी शर्मिष्ठाला बाहेर बोलावून सांगितलं, “डेंगू आहे. अंगात पाणी राहिलेलंच नाही. आणखी एक रात्र गेली असती तर मला काही करता आलं नसतं.”

त्या दिवशी संध्याकाळी रुग्णालयाच्या बाकावर बसून शर्मिष्ठानं आपली फाइल उघडली.

तिचा अर्ज अर्जित अवकाशाचा, म्हणजे नोकरीत साठत गेलेल्या रजेचा, होता. तशी सुट्टी तिच्या खात्यात उरली होती फक्त नऊ दिवस. बाकीची मीराच्या जन्मानंतर संपली होती. एकवीस दिवस मागणारा तो अर्ज मॅडमपर्यंत गेला असता तर नाकारलाच गेला असता, आणि एकदा नाकारलेला अर्ज पुन्हा उभा करायला महिने लागतात. ‘नियमानुसार नाही’ याचा अर्थ तेवढाच होता. बडे बाबूंना समजावून सांगता येत नसे. ते शेरा मारायचे आणि समोरचा विचारायला येईल म्हणून वाट पाहायचे. ती विचारायला गेलीच नव्हती. रागावून तोच अर्ज पुन्हा लिहीत राहिली.

तिसऱ्या वेळी त्यांनीच हार मानली. संतान पालन अवकाशाचा नवा अर्ज काळ्या शाईत पूर्ण भरलेला होता. सोबत नियमाचा उतारा, आणि याच विभागात पूर्वी कुणाकुणाला ही सुट्टी मिळाली त्या तीन जुन्या आदेशांचे क्रमांक. सोमवारच्या आधीचे शनिवार-रविवार सुट्टीला जोडून मिळावेत, ही विनंती. मुख्यालय सोडून नागपूरला राहण्याची परवानगी, जी मागायची असते हेच ती विसरली होती. चार पानांची टिप्पणी, आणि तिच्या शेवटच्या ओळींतली अक्षरं तिरकी होत गेलेली, रेघ सोडून खाली उतरलेली. ती त्यांनी तापात लिहिली होती.

शेवटच्या पानावर अनुश्रीचा कागद टाचलेला होता: मी माझी सुट्टी परत घेत आहे.

शर्मिष्ठानं बराच वेळ त्या पानांवरून बोट फिरवलं. मग पेन काढून दोन ठिकाणी सही केली.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला फाइल मॅडमच्या टेबलावर होती. यावेळी कांताबाई स्वतः रजिस्टर घेऊन बाजूला उभी राहिली. मॅडमनी टिप्पणी वाचली, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, आणि सही करून म्हणाल्या, “अशी टिप्पणी या शाखेत आता कोण लिहिणार?” मग त्यांनी दुसरा कागद ओढला आणि बडे बाबूंच्या नावाची वैद्यकीय सुट्टी मंजूर केली. छत्तीस वर्षांच्या नोकरीतली त्यांची पहिली लांब सुट्टी.

मीराचं ऑपरेशन बुधवारी झालं. सव्वा तास लागला. शिशिर, तिचा नवरा, रेल्वेतली ड्यूटी बदलून बिलासपूरहून आला होता. दोघं दाराबाहेर एकमेकांचा हात धरून उभे होते. नवव्या दिवशी मीरानं चमचाभर पेज घेतली आणि नाकातून काही आलं नाही. शर्मिष्ठानं पुन्हा चमचा दिला. पुन्हा काही आलं नाही. ती हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा मीरानं पट्टी बांधलेला हात वर करून आईच्या गालाला टेकवला.

रायपूरहून रोज फोन यायचा. पियुष ऑफिस सुटलं की बडे बाबूंकडे जायचा आणि तिला मराठीत खबर द्यायचा, मोडकी-तोडकी. “आज काकांनी मले डाटलं. मी अर्जी गलत लिहिली म्हणून. पूर्ण पंधरा मिनिटं समजावून सांगितलं, दीदी. समजावून!” अनुश्रीनं भावाकडून अभनपूरचे तांदूळ मागवून पेज पाठवणं सुरू केलं होतं. कांताबाई तर विचारायचीही नाही, सरळ जायची.

शर्मिष्ठाकडे आभार मानायला एवढी माणसं होती की रात्री मीराला मांडीवर घेऊन नावं घेता-घेता तिला झोप लागायची. पंधरा महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण झोप.

पण एक गोष्ट तिच्या मनातून जात नाही. त्या पाच दिवसांत कुणीच वाईट वागलं नव्हतं. सगळ्यांनी चांगलंच गृहीत धरलं होतं. गेले असतील बहिणीला आणायला. घेतली असेल बिचाऱ्यानं सुट्टी, करू दे आराम. एवढ्या चांगुलपणाच्या खाली एक माणूस फरशीवर पेला आपटत पडला होता.

म्हणून ही गोष्ट वाचणाऱ्यांपाशी शर्मिष्ठाचं एक मागणं आहे. तुमच्या ऑफिसात, तुमच्या गल्लीत असा कुणी असेलच, जो एकटा राहतो आणि स्वतःहून काही मागत नाही. पुढची सलग सुट्टी लागेल तेव्हा तुम्ही गावाला निघाल, बॅगा भराल, घरच्या धांदलीत असाल. निघण्याआधी त्यांच्याकडे जाऊन या. फोनवर भागवू नका, फोनची बॅटरी संपते. जा आणि दार वाजवा. आतून आवाज आला नाही तर झोपले असतील म्हणून परत फिरू नका. दार उघडेपर्यंत वाजवत राहा.